वाहाकाचे बाजार आणि अंगणातल्या चुलीवरचा काळा मोले

मेक्सिकोत वाहाकाला जाणार असाल तर आधी वार बघा आणि मग तिकीट काढा. शहराभोवतीच्या खोऱ्यांत मोठ्या गावांचे बाजाराचे वार ठरलेले आहेत. बुधवारी एत्ला, गुरुवारी साआचिला, शुक्रवारी ओकोत्लान, शनिवारी शहरातलाच सेंत्राल दे आबास्तोस आणि रविवारी त्लाकोलुला. गावोगावच्या अशा फिरत्या बाजारांची रीत तिथे स्पॅनिश लोक यायच्या आधीपासूनची आहे. तुमच्या मुक्कामात रविवार येत नसेल तर मुक्काम एका दिवसाने वाढवा, इतकं मी ठामपणे सांगेन. आणि एक दिवस स्वयंपाकाच्या वर्गासाठी राखून ठेवा. तो वर्ग मात्र बाजारातून सुरू होऊन गिरणीतून जाणारा हवा.

मी मसाले करून विकते. मिरची निवडायची, देठं काढायची, भाजायची, दळून आणायची, यात माझं निम्मं आयुष्य गेलं आहे. माझी भाची नोकरीसाठी मेक्सिको सिटीत असते. तिने बोलावलं तेव्हा म्हणाली, "मावशी, पिरॅमिड नंतर बघू, आधी तुला मिरच्या दाखवते," आणि थेट वाहाकाला घेऊन गेली. तिला स्पॅनिश चांगलं येतं, त्यामुळे मला दुकानदार बायकांशी मनसोक्त बोलता आलं. खाली लिहिलंय ते सगळं एका मसालेवालीच्या नजरेतून आहे. तुम्हाला हॉटेलं, चर्च, संग्रहालयं यांची माहिती हवी असेल तर ती इथे मिळणार नाही.

शहराच्या मुख्य चौकाला सोकालो म्हणतात. त्याच्या दक्षिणेला चालत पाच मिनिटांवर दोन बाजार जवळजवळ लागून आहेत. पहिला बेनितो हुआरेस. हुआरेस म्हणजे मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष झालेले, सापोतेक या तिथल्या मूळनिवासी समाजातले नेते. याच राज्यातल्या ग्वेलातावमध्ये 1806 साली जन्मले, शहराच्या नावातही ते आहेत. या बाजारात चपला, फुलं, टोपल्या, मांस, चीज असं सगळं एका छताखाली मिळतं. दारातच चापुलिनेस घेऊन बसलेल्या बायका दिसतात. हे म्हणजे लसूण, लिंबू आणि मीठ लावून कोमालवर, म्हणजे तव्यावर, भाजलेले नाकतोडे. आकाराप्रमाणे वेगवेगळे ढीग असतात. चव बघायला हातावर चिमूटभर देतात, ती घ्या. आंबट, खारट, कुरकुरीत लागतात आणि बारीक असतील तितके चांगले, मोठ्यांचे पाय दातात अडकतात. खाणार नसाल तर हसून मान हलवली तरी पुरे, कोणी आग्रह करत नाही.

आत मोलेच्या पेंडीचे डोंगर रचलेले असतात. मोले म्हणजे मिरच्या आणि मसाले वाटून केलेला घट्ट रस्सा. काळा, लाल, तांबूस, हिरवा, पिवळा असे निरनिराळे वाटप किलोवर विकतात. घरी नेऊन रश्श्यात सोडायचं की झालं. वाहाकात सात मोले आहेत असं सगळेच सांगतात: नेग्रो, रोहो, कोलोरादितो, आमारियो, वेर्दे, चिचिलो आणि मान्चामान्तेलेस. प्रत्यक्षात प्रत्येक गावाचा आणि घराचा आपापला प्रकार असतो. याच बाजारात केसियो घ्या. हे तारांचं पांढरं चीज, लांब पट्टी ओढून चेंडूसारखं गुंडाळलेलं असतं, आणि त्याचं मूळ एत्लाकडचं मानतात. सकाळी घेतलेलं केसियो हाताने सोडवताना तारा ओल्या आणि लवचिक असतात, दुपारपर्यंत त्या सुकतात. म्हणून सकाळीच घ्या.

रस्ता ओलांडला की दुसरा बाजार, 20 दे नोव्हिएम्ब्रे. 1910 च्या क्रांतीच्या तारखेचं नाव. लोक इथे येतात ते भाजलेल्या मांसाच्या बोळासाठी. दोन्ही बाजूंना निखाऱ्यांच्या शेगड्या, वर लटकलेले मांसाचे पातळ पडदे आणि मधून धूर. तासाहो म्हणजे गोमांस, सेसिना म्हणजे मिरचीचं वाटप लावलेलं डुकराचं मांस, आणि चोरिसो म्हणजे मसालेदार सॉसेज. मांस एकाकडून घ्यायचं, कांदे आणि हिरव्या मिरच्या दुसऱ्याकडून, तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पोळ्या, तिसरीकडून, चटण्या आणि निवडुंगाची कोशिंबीर आणखी कोणाकडून, आणि ज्याचे त्याचे पैसे ज्याला त्याला. पहिल्यांदा गोंधळ वाटतो, पण एकदा बसलात की सगळे तुमच्या टेबलाशी येतात. दोघांत अर्धा किलोही जास्त होतं. मला तिथली मिरची मांसापेक्षा जास्त आवडली. तिला चिले दे आग्वा म्हणतात. निखाऱ्यावर साल फुटेपर्यंत भाजून लिंबू-मीठ लावतात. फिकट हिरवी, पातळ गराची आणि दिसते त्याहून बरीच तिखट. धूर मात्र डोळ्यांत जातो आणि कपड्यांना वास राहतो, तेव्हा संध्याकाळी बाहेर जायचे कपडे घालून जाऊ नका.

त्याच बाजाराच्या एका कडेला मीना नावाचा रस्ता आहे, तिथे चॉकलेटच्या गिरण्या आहेत. दुरूनच वास येतो. कोकोच्या बिया बहुतेक ताबास्को आणि चियापास राज्यांतून येतात, वाहाका दळतं आणि पितं. काउंटरवर बिया, साखर, बदाम, दालचिनी यांचं प्रमाण तुम्ही सांगायचं आणि समोर दळून घ्यायचं. गिरणीतून गरम, चमकदार लगदा बाहेर येतो. साखर कमीच सांगा, नेहमीच्या प्रमाणात कोकोइतकी किंवा त्याहून जास्त साखर असते. मग बाजारात परत या, पाण्यातलं चॉकलेट मागा. दुधातलंही मिळतं, पण पाण्यात कोकोची चव उघडी पडते. लाकडी रवीने फेस आणून देतात, सोबत अंड्याच्या पिवळ्या बलकाचा पाव, पान दे येमा. तो बुडवून खायचा.

सेंत्राल दे आबास्तोसबद्दल थोडक्यात सांगते. प्रचंड मोठा, गल्ल्यांत गल्ल्या, शनिवारी पाय ठेवायला जागा नाही. भाव सगळ्यात कमी इथेच. पिशवी पुढे धरा, दुपारच्या आत बाहेर पडा, आणि मिरच्यांच्या दुकानांची ओळ विचारत विचारत गाठा. मी तिथे पासिया ओआहाकेन्या घेतली, धुरावर वाळवलेली सुरकुतलेली मिरची, मीहे लोकांच्या डोंगराळ भागातून येते. पोत्याजवळ उभं राहिलं तरी विझत्या चुलीचा वास येतो. एवढ्या एका मिरचीसाठीसुद्धा मी तिथे पुन्हा जाईन.

आता त्लाकोलुला. शहरापासून पूर्वेला मितलाच्या रस्त्यावर साधारण तीस किलोमीटर. बेसबॉलच्या स्टेडियमजवळून वाटणीच्या टॅक्स्या आणि बस मिळतात, तास धरून चला. गावात पक्की मंडई आहेच, रविवारी बाजार तिच्या बाहेर सांडून रस्त्यारस्त्यांवर ताडपत्र्यांखाली पसरतो. खोऱ्यातल्या गावांतून सापोतेक बायका येतात, डोक्याला रुमाल, भरतकामाचे ॲप्रन, हातावर ताडाच्या पानांची टोपली. पाय बांधलेल्या टर्की, मेताते, म्हणजे दगडी पाटे, विकणारे, नांगराचे भाग, माठ, मक्याची पोती. आपसात बोलणं सापोतेकमध्ये, गिऱ्हाइकाशी स्पॅनिशमध्ये. भाजी वजनावर कमी आणि ढिगावर जास्त विकली जाते: पाच-सहा टोमॅटोंचा मनोरा, मिरच्यांची मूठ, लिंबांचा वाटा. गिऱ्हाइकाला "मार्चांता" अशी हाक मारतात आणि गिऱ्हाईकही विकणारीला तेच म्हणतं. भाव थोडा विचारता येतो, पण ज्या बाईने पहाटे उठून डोंगरातून जुडी आणली तिच्याशी दोन पेसोंवरून घासाघीस करू नका. वीस आणि पन्नासच्या नोटा, सुटी नाणी जवळ हवीत. पाचशेची नोट काढलीत तर तिला सुटे शोधायला चार दुकानं फिरावं लागतं.

मका इथे पांढरा, पिवळा, निळा आणि लाल मिळतो. मी चारही रंगांचा थोडा थोडा हातात घेऊन पाहिला. याच रस्त्याने पुढे मितलाजवळ गिला नाकित्स नावाची गुहा आहे, तिथे मिळालेली मक्याची कणसं सहा हजार वर्षांहून जुनी आहेत, आणि लाल भोपळ्याच्या जातीच्या बिया जवळजवळ दहा हजार वर्षांपूर्वीच्या. त्या परिसरातल्या गुहांना 2010 साली युनेस्कोच्या जागतिक वारशात जागा मिळाली. मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकालाही त्याच वर्षी युनेस्कोच्या यादीत घेतलं गेलं. मिरची, मका, टोमॅटो, पेरू, सीताफळ, चिकू हे सगळं अमेरिका खंडातून आपल्याकडे आलं हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण ज्या मातीत हजारो वर्षं मका पिकतो आहे तिथल्या बाईने ओंजळभर निळे दाणे माझ्या हातात ओतले तेव्हा मला फार भरून आलं. मी ज्यावर पोट भरते त्या मिरचीचं हे माहेर.

खायचं काय? बोकडाची किंवा मेंढीची बार्बाकोआ या बाजाराची ओळख आहे, जमिनीतल्या खड्ड्यात रात्रभर शिजवलेली. लाल तिखट रस्सा वेगळ्या वाटीत, वर कोबी आणि लिंबू. दहाच्या आसपास जा, दुपारी उरते ती कोरडी. मंडईत एका बाजूला सगळ्यांसाठी पेटवलेल्या शेगड्या आहेत, समोरच्या खाटकाकडून मांस घेऊन तुम्ही स्वतः भाजायचं. शेजारी भाजणाऱ्या कुटुंबाने आम्हाला चिमटा दिला आणि उठताना "प्रोव्हेचो" म्हणाले. जेवणाऱ्या कोणाही अनोळखी माणसाला तिथे असं म्हणतात, आपणही म्हणावं.

आणि तेहाते प्या. नुसत्या तेहातेसाठी त्लाकोलुलाला जायला माझी हरकत नाही. निश्तामाल केलेला, म्हणजे चुना किंवा राखेच्या पाण्यात उकळलेला मका, भाजलेला कोको, मामेय फळाच्या बियांचा गर आणि रोसिता दे काकाव नावाची सुकी फुलं एकत्र दळून त्याचा घट्ट गोळा होतो. आमच्यासमोरच्या बाईने तो गोळा हिरव्या काचेरी मातीच्या परातीत घेतला, बाही वर केली आणि थोडं थोडं पाणी घालत मळायला लागली. मळण्यात घाई अजिबात नव्हती. मनगटापर्यंत हात बुडवून ती गोळा तळाशी दाबायची, वर उचलायची, पुन्हा दाबायची. हळूहळू तो मऊ पडून त्यातून स्निग्धता सुटली. मग तिने उभं राहून वरून गार पाण्याची धार सोडली आणि सगळी परात पांढऱ्या, फुगलेल्या फेसाने भरली. बदामी पाण्यावर जाड, साय मोडल्यासारखा फेस. लाल रंगवलेल्या, फळाच्या कवचाच्या वाटीत, तिला हिकारा म्हणतात, आधी खालचं पाणी ओतलं, त्यावर साखरेचा पाक आणि सगळ्यात शेवटी चमच्याने फेस. चव मातकट, कोकोची, फुलांचा हलका वास, शेवटी मक्याचा गोडवा. फेस काही मिनिटांतच बसतो, म्हणून तिथेच उभ्याने प्यायचं. वाटी परत द्यायची असते.

फोटोंबद्दल एक विनंती. पुष्कळ बायकांना फोटो काढलेले आवडत नाहीत. आधी काहीतरी विकत घ्या, मग विचारा, आणि नको म्हणाल्या तर फोन खाली ठेवा. मी गेले तेव्हा एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडासमोर कॅमेरे धरणारे लोक पाहिले आणि मला फार वाईट वाटलं. ती तिथे कांदे विकायला आली होती.

आता स्वयंपाकाचा वर्ग. शहरात असे पुष्कळ वर्ग आहेत, आम्ही गेलो तो एका बाईंच्या घरी, अंगणात. त्यांचं नाव मी इथे देत नाही. आम्ही धरून पाच विद्यार्थी. माणशी फी दीड हजार पेसोंच्या थोडी वर, जेवण धरून. सकाळी ला मेर्सेद बाजारात भेटायचं. ही शहराच्या मध्यभागाजवळची लोकवस्तीतली मंडई आहे, मुख्य चौकातल्या बाजारांपेक्षा शांत. काळा मोले शिकायचा होता.

बाई थेट मिरच्यांकडे गेल्या. तीन प्रकारच्या घेतल्या: चिल्वाक्ले नेग्रो, मुलातो आणि पासिया. यातली चिल्वाक्ले बसकी, रुंद, काळपट आणि बाकीच्यांपेक्षा कितीतरी महाग. राज्याच्या कान्यादा भागात थोड्याच शेतांत ती पिकते. बाईंनी एक मिरची उचलली, देठ पाहिलं, बोटांत वाकवली, उजेडाकडे धरली. मोडली नाही, वाकली. मग कानाजवळ हलवून बियांचा आवाज ऐकला. मीही मिरची अशीच पारखते. मी दुसऱ्या टोपलीतून काही निवडून त्यांच्यासमोर ठेवल्या. त्यांनी त्या एकेक करून पाहिल्या, एक बाजूला काढली, कारण देठाखाली बुरशीचा ठिपका होता आणि तो मला त्या उजेडात दिसला नव्हता, बाकीच्या पिशवीत टाकल्या. त्यानंतर दिवसभर त्या भाचीला मध्ये न घेता माझ्याशी हातांनीच बोलत होत्या.

अंगणात आल्यावर मिरच्यांची देठं काढली, चिरून बिया आणि शिरा वेगळ्या केल्या. कोमालवर साली भाजल्या, अगदी काळ्या होईपर्यंत. माझ्या धंद्यात मिरची काळी पडली की तो घाणा वाया जातो, इथे काळेपणा हाच पदार्थाचा जीव आहे. फरक असा की साल काळी होते पण तिची राख होत नाही. फुगते, चकाकते, चुरचुरते आणि त्या क्षणी उचलायची. बिया वेगळ्या जाळल्या. अंगणाच्या टोकाला, वाऱ्याची दिशा बघून, बियांवर एक तोर्तिया ठेवून चक्क पेटवून दिल्या. ठसका इतका उठला की शेजारच्या घरातून कोणी तरी ओरडून काही म्हणालं आणि बाईंनी हसून उत्तर दिलं. जळलेल्या बिया पाण्यात घालून ते पाणी पुन्हा पुन्हा बदललं, कडूपणा जायला. शेवटचं पाणी त्यांनी मला चाखायला दिलं. धूर राहिला होता, जाळलेल्याची कडू चव गेली होती.

मग एकेक जिन्नस वेगळा तळायचा: बदाम, शेंगदाणे, मनुका, पिकलेलं केळं, पावाचा तुकडा, आणि तीळ सगळ्यात मंद आचेवर. टोमॅटो, हिरवे छोटे मिलतोमाते, कांदा, लसूण तव्यावर भाजून. दालचिनी, लवंग, मिरी, ओरेगानो, थाइम अगदी थोडं. दालचिनी, लवंग आणि मिरी आपल्या बाजूच्या समुद्रातून तिकडे गेली आणि आमची मिरची तिकडून आली. त्या एका परातीत सगळं शेजारी शेजारी पडलेलं मी किती तरी वेळ बघत राहिले.

आणि मग गिरणी. बादलीत सगळं भरून आम्ही दोन गल्ल्या चालत मोलिनोवर गेलो. मी "गिरणीतून जाणारा वर्ग" म्हणते ते याचसाठी. मिक्सरवर मोले होतो, पण बाई म्हणाल्या की तो कधी एकजीव होत नाही, आणि मला ते पटलं, कारण मिक्सरचं पातं कापतं आणि दगड चिरडतो, तेल तेव्हाच सुटतं. गिरणीत रांग होती. बहुतेक बायकांच्या बादल्यांत निश्तामाल होता: चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर भिजवलेला आणि सकाळी धुतलेला मका. चुन्याने दाण्याचं साल सुटतं, पीठ चिकट होऊन थापता येतं, कॅल्शियम मिळतं आणि मक्यातलं अडकून बसलेलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपात मका गेला पण ही रीत गेली नाही, त्यामुळे मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्राचा रोग झाला. हे सगळं माहीत असलं तरी मोलिनोत उभं राहून गरम, ओल्या पिठाचा वास घेणं वेगळं. मिरच्यांचं जातं वेगळं, मक्याचं वेगळं. आमचं वाटप दोनदा दळलं. दुसऱ्या वेळी बाहेर आलं ते काळंभोर, तेलाने तुकतुकीत. गिरणीवाल्याने दळणाचे थोडेसेच पेसो घेतले.

घरी मातीच्या मोठ्या कासुएलात चरबी गरम करून वाटप परतलं. हे लांबलचक काम आहे. लाकडी पळीने तळ सोडवत राहायचं, एकट्याचा हात भरून येतो, म्हणून आळीपाळीने. मग कोंबडीचं पाणी, मीठ, साखर, भाजलेलं आवाकादोचं पान आणि सगळ्यात शेवटी चॉकलेट. मोले म्हणजे चॉकलेटचा रस्सा असं पुष्कळ लोक समजतात. एवढ्या मोठ्या कासुएलात पडलेलं चॉकलेट माझ्या तळहातावर मावत होतं. चवीला आधी गोडसर, मग धूर, मग जिभेच्या मागच्या बाजूला एक गोल कडवटपणा, आणि तिखट अगदी उशिरा. इतक्या मिरच्या घालून इतका शांत पदार्थ मी कधी खाल्ला नव्हता.

या वर्गात काय कमी पडलं तेही सांगते. तोर्तियांना वेळच उरला नाही. निळ्या पिठाच्या गोळ्या प्लास्टिकच्या दोन कागदांत दाबून चुना सारवलेल्या मातीच्या कोमालवर टाकायच्या, एवढं प्रत्येकाने घाईघाईत केलं. मेतातेवर, म्हणजे तीन पायांच्या उतरत्या दगडी पाट्यावर, गुडघे टेकून वाटायला प्रत्येकाला जेमतेम पाच मिनिटं मिळाली. हातात दिलेल्या पाककृतीच्या कागदावर मापं नव्हती. मी सगळी वहीत लिहून घेतली, तुम्हीही वही घेऊन जा. तरीही दिलेल्या पैशांपेक्षा कितीतरी जास्त पदरात पडलं असं मी म्हणेन.

याच्या उलट अनुभव आम्ही आधी घेतलेल्या "चव-सहली"चा. नाव घेत नाही. बाजारातून झपाझप चालवत नेऊन प्रत्येक ठिकाणी एक घास, एक फोटो, पुढे चला. कोणत्याही दुकानदार बाईला प्रश्न विचारायची सोय नव्हती, आणि मिरच्यांच्या दुकानासमोर तर थांबलेच नाहीत. किंमत वर्गाच्या जवळजवळ निम्मी. त्या पैशात तुम्ही स्वतः बाजारात बसून दोन दिवस जेवाल.

शाकाहारी असाल तर वाहाकात उपाशी राहणार नाही, पण विचारावं लागेल. मेमेला आणि त्लायुदा दिसायला शाकाहारी वाटतात: तोर्तियावर काळ्या घेवड्याचं वाटण, केसियो, चटणी. पण तोर्तियाला आधी आसिएंतो चोपडतात, आणि ती डुकराची चरबी असते. "सिन आसिएंतो" असं आधीच सांगा. घेवडाही कधी कधी चरबीत परततात, म्हणून "सिन मान्तेका" हेही पाठ करा. मोले जवळपास नेहमी कोंबडीच्या पाण्यात सोडलेला असतो. आमच्या वर्गात एक मुलगी शाकाहारी होती, तिने नाव नोंदवतानाच कळवलं होतं, तर बाईंनी तिचा वाटा तेलात परतून भाज्यांच्या पाण्यात वेगळा केला. चव उणी नव्हती. शाकाहाऱ्यांनी पिवळा मोले शिकायचा आग्रह धरावा. त्याला मक्याच्या पिठाने घट्टपणा येतो, त्यात चायोते नावाची भोपळ्याच्या जातीची भाजी, फरसबी, बटाटा छान जातात आणि ओहा सांताचं पान घातलं की बडीशेपेकडे झुकणारा सुंदर वास येतो. बाजारात भोपळ्याची फुलं आणि केसियो घालून भाजलेल्या केसादियाही मिळतात.

खरेदीत मोलेची पेंड घ्या, पण विकणारीला चव दाखवायला सांगा. काहींत बिस्किटं आणि साखर जास्त असते, जिभेवर लगेच कळतं. पिशवी दुहेरी बांधून मोठ्या बॅगेत टाका, सुटलेलं तेल कपड्यांना लागतं. सुक्या मिरच्या नेताना त्या पूर्ण सुकलेल्या आहेत ना ते बघा आणि आपल्या देशात काय आणायला परवानगी आहे ते आधी तपासा. आत्सोम्पा गावची हिरवी मातीची भांडी फार देखणी असतात, पण जुन्या पद्धतीच्या काचेरी लेपात शिसं असतं. स्वयंपाकाला घेणार असाल तर "सिन प्लोमो", म्हणजे शिशाविना, आहे का ते विचारून घ्या, नाहीतर शोभेला ठेवा.

वर्ग ठरवताना बुकिंग करण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. बाजारात तुम्ही नेणार का, आणि खरेदी आमच्यासमोर होणार का? वाटप मोलिनोवर दळणार की मिक्सरमध्ये? आणि माणसं किती? काळ्या मोलेला पूर्ण दिवस लागतो, त्यामुळे तीन तासांत शिकवतो म्हणणाऱ्याकडे मिरच्या आधीच भाजून ठेवलेल्या असतात, आणि शिकण्यासारखं निम्मं तिथेच संपतं. माणसं सहाच्या वर असतील तर पळीपर्यंत तुमचा हात पोचणार नाही, दुसरीकडे चौकशी करा. ऑक्टोबरच्या शेवटी जाणार असाल तर फार आधी ठरवा. मृतांच्या सणासाठी तेव्हा घरोघरी काळा मोले होतो, गिरण्यांसमोर रांगा लागतात आणि चिल्वाक्लेचा भाव आणखी चढतो.